बावन्न पायऱ्या

चित्रात पायऱ्या बावन्न होत्या. दगडी दिवे सहा, त्यांतले चार डाव्या हाताला आणि दोन उजव्या. सरळसोट उंच झाडं मोजता येतील अशी अकरा, आणि बाराव्या झाडाची पानं लाल. पायथ्याशी लाकडी कमान एक, कमानीला टेकवून ठेवलेला खराटा एक. कोपऱ्यात तापमान सात अंश, वेळ सकाळचे अकरा वाजून वीस मिनिटं. माणूस एकही नाही.

मुलुंडला तेव्हा आठाला दहा कमी होते. गंधालीने टॅबलेट जेवणाच्या टेबलावर चहाच्या डब्याला टेकवून उभा केला, चहा शेजारी ठेवला आणि खुर्ची पुढे ओढून बसली. कांजूरच्या कचरा डेपोकडचा वारा सुटला होता म्हणून खिडक्या तिने आधीच लावून घेतल्या होत्या. ऑफिसात तिने अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती. कारणाच्या रकान्यात 'घरगुती' असं लिहिलं होतं.

जपानमधल्या कुठल्याशा डोंगरातलं ते देऊळ. तिथल्या गावाच्या पर्यटन कचेरीने देवळाच्या दाराशी, वरच्या बाजूला, एक कॅमेरा बसवला होता. त्याचं तोंड पायऱ्यांकडे, खाली. दर वीस सेकंदांनी तो एक चित्र काढायचा आणि जगात कुणालाही ते बघता यायचं. आवाज नाही, हालचाल नाही. त्यामुळे पायऱ्या चढणारी माणसं त्यात चालत नसत, उड्या मारत. आत्ता पाचव्या पायरीवर, मग एकदम अकराव्या. मधली वीस सेकंदं कुणाच्याच हाती लागत नसत.

हा कॅमेरा आईने शोधून काढला होता. दोन वर्षांपूर्वी आई आणि भाऊ जपानला जायचे होते. वडलांना गंधाली भाऊच म्हणायची, कारण सगळी चाळच त्यांना तसं म्हणायची, आणि चाळ जाऊन सोसायटी आली तरी नाव तेच राहिलं. नऊ दिवसांची सहल होती: फुजी, त्याच्या पायथ्याची तळी, दोन धबधबे, बांबूचं बन आणि हे देऊळ. पत्रकातला देवळाचा फोटो आईला सगळ्यात आवडला होता. मग आईला धाप लागायला लागली. फुफ्फुसं आतून कडक होत चालली आहेत, असं डॉक्टरांनी सांगितलं. सहल एकदा पुढे ढकलली, दुसऱ्यांदा ढकलली. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. एके दिवशी आई तपासणीहून वर आली आणि त्यानंतर तिने जिना पाहिलाच नाही.

रोज सकाळी आठ वाजता बोटाला चिमटा लावून रक्तातला प्राणवायू बघायचा आणि भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकटीत लिहायचा, असं डॉक्टरांचं फर्मान होतं. चिमट्याचा आकडा स्थिर व्हायला मिनिटभर लागे. तेवढ्या वेळात आई टॅबलेटवर देऊळ बघायची. मग आकड्याशेजारी तिने त्या क्षणी चित्रात असलेली माणसंही लिहायला सुरुवात केली. '९१. माणसं ४.' '९०. माणसं ०, पाऊस.' '८९. माणसं १, खराटेवाला.'

खराटेवाला म्हणजे निळं जाकीट घातलेला एक म्हातारा. तो रोज पायऱ्या झाडायचा. काम झालं की दोन मिनिटांत वर यायचा, म्हणजे सहा चित्रांत. गंधालीनेच हिशेब करून सांगितलं होतं. ती भौतिकशास्त्रात एमएस्सी झालेली, मापनयंत्रं तपासून देणाऱ्या एका प्रयोगशाळेत नोकरीला. दिवसभर तापमापकं आणि वजनकाटे. तिने आईला हेही सांगितलं, की सहा चित्रं म्हणजे पाच अंतरं, पाच गुणिले वीस म्हणजे शंभर सेकंद, आणि तेही अधिक-उणे वीस. कारण पहिल्या चित्राच्या आधी तो किती वेळ तिथे उभा होता ते आपल्याला माहीत नाही.

"तुझं आपलं अधिक-उणे," आई म्हणाली होती. "बावन्नच पायऱ्या आहेत बघ. आपल्या जिन्यापेक्षा दोन कमी."

खरंच होतं ते. तीन मजले, अठरा-अठराच्या फेऱ्या, चोपन्न.

आई अंथरुणावर पडल्या पडल्या भाऊंचं जिना चढणं ऐकायची. खाली गेटची कडी वाजली की मोजायला लागायची. भाऊंचा उजवा गुडघा धरायचा. दुसऱ्या मजल्यावर ते सूचनाफलक वाचायच्या निमित्ताने थांबत, आणि फलकावर तर सहा महिने पाण्याच्या टाकीची एकच नोटीस होती. घरात आल्यावर विचारलं तर म्हणत, छे, थांबलो कुठे.

असंच एकदा ऑक्टोबरात, भाऊ दूध घेऊन वर येत असताना, आई चित्राकडे बघत म्हणाली, "तुझ्या भाऊंना ह्या पायऱ्या चढायला सात मिनिटं लागतील. तीनदा थांबतील, आणि वर गेल्यावर म्हणतील, थांबलो नाही."

गंधाली म्हणाली, अगं, ते चढणारच नाहीत. पायथ्याशी उभं राहून हात जोडतील आणि म्हणतील, देव काय इथूनही बघतो.

"लाव पैज," आई म्हणाली, आणि त्या दिवशीच्या चौकटीत लिहिलं: 'भाऊ – ७ मि. थांबे ३.'

त्यानंतरच्या चौकटींत आकडे उतरत गेले. एकोणीस डिसेंबरच्या चौकटीत '८१. माणसं २' असं लिहिलेलं आहे. वीस तारखेची रिकामी. गंधालीने ते कॅलेंडर खिळ्यावरून काढलं नाही. नवं वर्ष लागल्यावर त्याच्यावरच नवं अडकवलं. नव्याच्या चौकटींत कुणीच काही लिहिलं नाही.

गणपती झाल्यावर सहल कंपनीचा भाऊंना फोन आला. नोव्हेंबरात दोन जागा अजून तुमच्या नावावर आहेत, काय करायचं. त्या रात्री जेवताना भाऊंनी ताटातून वर न बघता विचारलं, येतेस का आईच्या जागी. गंधालीने सांगितलं, रजा मिळणार नाही. रजा मिळाली असती. साठलेल्या चोवीस होत्या. पण विमानात आईच्या खुर्चीत बसायचं, हॉटेलात आईच्या पलंगावर झोपायचं, आणि भाऊ दर धबधब्यापाशी आपल्याऐवजी शेजारच्या मोकळ्या जागेकडे बघणार ते बघायचं, हे तिच्याने होणारं नव्हतं. भाऊ "बरं" म्हणाले आणि ताक प्यायले. पुन्हा विषय काढला नाही. एकटेच गेले. गेल्यावर तिला वाटलं, त्यांनी निदान एकदा तरी पुन्हा विचारायला हवं होतं. मग वाटलं, मी निदान खरं तरी सांगायला हवं होतं.

तिकडून भाऊंचे निरोप यायचे ते असे. 'फुजी दिसला. मग ढग.' 'धबधबा पाहिला. उंची ९७ मीटर म्हणतात. पाणी बरंच.' 'झाडांची पानं लाल. पोहे बरे होते.' पोहे सहलीबरोबरच्या आचाऱ्याने केलेले. सोबत फोटो, आणि बहुतेकांच्या कोपऱ्यात भाऊंचा अंगठा. एका फोटोत मात्र कुणी तरी भाऊंनाच टिपलं होतं. तळ्याकाठच्या बाकावर ते एका कडेला बसले होते. बाक चार माणसांचा होता.

काल संध्याकाळी तिने फोन केला. उद्या तुमच्या साडेअकरा वाजता, म्हणजे इथल्या आठला, मी कॅमेऱ्यावर बघणार आहे, असं सांगितलं. भाऊ म्हणाले, बघू. गुडघा सुजलाय. शिवाय तो सहलीचा पोरगा आकाश सारखा हात धरायला येतो, त्याने हात धरला तर मी चढायचा नाही. गंधाली म्हणाली, हात धरू देऊ नका, पण चढा. वर कॅमेरा आहे, तिथे हात हलवा.

"मला तू दिसणार नाहीस ना?" भाऊंनी विचारलं.

"नाही."

"मग तू बघतेयस हे मला कळणार कसं?"

"नाही कळणार. पण मी असणार आहे, भाऊ."

मग ते म्हणाले, माकडटोपी घालीन, चॉकलेटी, म्हणजे ओळखशील. आणि फोन ठेवला.

आता आठ वाजले. आठ वाजून सहा मिनिटांनी कमानीखाली माणसं दिसू लागली. गंधाली टेबलाशी सरसावून बसली आणि पुढच्या चित्रात तिला कळलं, की सगळी वाट लागली. तिकडे पाऊस पडत होता. सहल कंपनीने सगळ्यांना पारदर्शक प्लास्टिकचे रेनकोट वाटले होते, एकाच मापाचे, टोपडं वर ओढलेले. कॅमेऱ्याच्या काचेवर थेंब होते. चॉकलेटी काय, कुठलीच टोपी दिसत नव्हती. पांढरट फुगे नुसते, या पायरीवरून त्या पायरीवर उड्या मारणारे.

सहलीत सव्वीस जण होते, आकाश धरून सत्तावीस. तिने एकेकाला पकडायचा प्रयत्न केला. भाऊंची उंची पाच फूट पाच. वरून बघताना उंची कळत नाही. भाऊ उजवा पाय आधी टाकत नाहीत. पण वीस सेकंदांनी एक चित्र, त्यात कुठला पाय आधी पडला हे कोण सांगणार. एकतिसाव्या पायरीवर प्रत्येक जण अडखळत होता. ती पायरी बाकीच्यांपेक्षा उंच होती, हे आईचं निरीक्षण. तिथे सगळेच थांबत होते, त्यामुळे थांबण्यावरूनही माणूस ओळखता येईना. वर पोचलेल्यांनी टोपडी मागे सारली, फोटो काढले. त्यांत भाऊ नव्हते. एकूण एकोणीस जण वर आले. तिने दोनदा मोजले. आठ वाजून चोवीस मिनिटांनी शेवटचा रेनकोट कमानीबाहेर गेला.

तिने भाऊंना निरोप टाकला. एकच खूण उमटली. बॅटरी वाचवायला ते फोन बंद ठेवत.

मग तिने आकाशला फोन लावला. आकाश डोंबिवलीचा, बोलायला मोकळा. म्हणाला, ताई, काका मघाशी बसमध्ये बसले होते. मी विचारलं येता का, तर म्हणाले, गुडघा आहे, तुम्ही जाऊन या.

"आता पण बसमध्येच आहेत का?"

"असतील ना. मी इथे स्वच्छतागृहापाशी आहे, मंडळी मोजतोय. पाऊण वाजता... सॉरी, तुमच्या सव्वानऊला बस निघते. काही निरोप द्यायचा का?"

गंधाली नको म्हणाली. आभार मानून फोन ठेवला.

पैज तिने जिंकली होती. भाऊ चढले नव्हते. कुणाला सांगायचं हे, असा विचार आला आणि तिने तो पुढे जाऊ दिला नाही. चहावर साय धरली होती. तिने कप उचलला, मोरीत नेऊन ओतला, धुतला, उपडा घातला. ओट्यासमोरच्या खिडकीतून मागचे डोंगर दिसत होते, धुरकट. खालून कुणाची तरी गाडी बाहेर काढायला वॉचमन शिट्ट्या मारत होता. तिने टॉवेलला हात पुसले. अजूनही दहाच्या आत ऑफिसला पोचता आलं असतं. टॅबलेट बंद करायला ती टेबलाशी आली.

चित्रात पहिल्या पायरीच्या उजव्या टोकाला दोन काळे ठिपके होते.

ते आधी नव्हते. खराटा एक, कमान एक, दिवे सहा. ठिपके नव्हते. तिने दोन बोटांनी चित्र मोठं केलं. बूट होते. शेजारी शेजारी, टाचा पायरीकडे आणि तोंडं बाहेर, दाराबाहेर काढून ठेवावेत तसे. आणि चौदाव्या पायरीवर, कडेच्या कठड्याला हात लावून, एक पारदर्शक रेनकोट उभा होता.

विरारच्या जीवदानीला भाऊ दरवर्षी जायचे, आणि पहिल्याच पायरीला चपला काढायचे. लोक त्या वर, मंदिराच्या दारात काढत. गंधाली आठ वर्षांची असताना मे महिन्यात, भर उन्हात, भाऊंच्या तळव्यांना फोड आले होते. आई घरी येईपर्यंत बोलत होती. सगळ्यांचा देव गाभाऱ्यात असतो, यांचा मेला पहिल्या पायरीवरच बसलेला. भाऊंचं म्हणणं इतकंच, की पायरी देवळाची आहे ना, मग झालं. जपानमध्ये असं नसतं हे सहलीच्या पत्रकात छापलेलं होतं. बूट लाकडी जमिनीवर जाताना काढायचे, बाहेरच्या दगडी पायऱ्यांवर नाहीत. पत्रक गंधालीनेच भाऊंना मोठ्याने वाचून दाखवलं होतं.

कोपऱ्यात तापमान सातच होतं. दगड ओला. म्हणजे तळव्यांखाली सात, कदाचित सहा.

त्या संकेतस्थळावर मागच्या तासाभराची चित्रं राहत. तिने एकेक मागे नेलं. बारा वाजून चाळीस सेकंदांच्या चित्रात पहिल्या पायरीवर दोन्ही पाय आणि शेजारी बूट. त्याच्या आधीच्या चित्रात नुसतीच कमान. तिने वेळ कागदावर लिहिली आणि पुन्हा पुढे आली.

अठरावी पायरी. बाविसावी. बाविसावी. बाविसावी. तिथे तो रेनकोट एका दगडी दिव्याकडे तोंड करून उभा होता, दिवा वाचत असल्यासारखा. गंधालीने पहिला थांबा चौदाव्यावर आणि दुसरा इथे, अशा दोन रेघा मारल्या. पंचविसावी.

मग चित्रात निळं जाकीट आलं. खराटेवाला कमानीखाली उभा होता. पुढच्या चित्रात तो बुटांशी वाकलेला. त्याच्या पुढच्या चित्रात बूट पायरीवर नव्हते. तो पाचव्या पायरीवर होता आणि त्याच्या हातात काही तरी काळं होतं.

भाऊंना माहीत नव्हतं. ते वर बघत चढत होते. गंधालीला वाटलं, आता हा त्यांना गाठणार, हातवारे करून सांगणार, भाऊ गोंधळणार, दोघांत एक भाषा नाही, आणि भाऊ उलटे फिरून खाली जाणार. खराटेवाल्याला वर यायला शंभर सेकंद लागत. भाऊ तेव्हा एकतिसाव्यावर, त्या उंच पायरीपाशी होते. एक चित्र तिथे. दुसरं तिथे. तिसऱ्यात त्यांचे दोन्ही हात वरच्या पायरीवर टेकलेले.

खराटेवाला सव्विसाव्या पायरीवर उभा होता.

भाऊ बत्तिसाव्यावर गेले तेव्हा तो सत्ताविसाव्यावर होता. ते सदतिसाव्यावर, तो बत्तिसाव्यावर. एकेचाळिसाव्यावर भाऊ पुन्हा थांबले. हात गुडघ्यावर होता. खराटेवाला छत्तिसाव्यावर थांबला आणि झाडांकडे बघू लागला. बूट त्याने पोटाशी धरले होते, जाकिटाच्या आत, त्यांच्यावर पाऊस पडू नये असे. पाच पायऱ्यांचं अंतर. गंधाली प्रत्येक चित्रात मोजत होती, आणि ते पाचच होतं.

बारा वाजून आठ मिनिटं आणि वीस सेकंदांच्या चित्रात भाऊ बावन्नाव्या पायरीवर होते.

त्यांनी टोपडं मागे सारलं. खाली चॉकलेटी माकडटोपी होती. खराटेवाला वर येऊन त्यांच्या पुढ्यात वाकला आणि बूट त्यांच्या पायांशी ठेवले, जोडीने. पुढच्या चित्रात भाऊही वाकलेले, हात जोडून. कोण कुणाला काय म्हणत होतं ते कळायला मार्ग नव्हता. मग भाऊ इकडेतिकडे बघू लागले. कॅमेरा शोधत असावेत. डाव्या हाताला शेवटचा दगडी दिवा होता, त्याच्या डोक्यावर कसलासा गोल ठोकळा. भाऊ त्या दिव्याकडे वळले आणि त्यांनी हात हलवला. कॅमेऱ्याकडे त्यांची पाठ होती. तीन चित्रं ते दिव्याला हात हलवत होते. तिसऱ्या चित्रात खराटेवालाही त्यांच्याशेजारी उभा राहून दिव्याकडे बघत होता.

भाऊंची पाठ तिला ओळखू आली. रेनकोटातून स्वेटर दिसत होता, आईने कोपरावर ठिगळ लावलेला.

गंधालीने कागदावरची वजाबाकी केली, मग चित्रं पुन्हा एकदा पहिल्यापासून मोजून पडताळली. चोवीस चित्रं, तेवीस अंतरं. ती उठून भिंतीशी गेली. वरचं कॅलेंडर उचलून खालच्याचं ऑक्टोबरचं पान बघितलं आणि सोडून दिलं. मग या वर्षीच्या नोव्हेंबरच्या पानावर, आजच्या चौकटीत, पेन्सिलने लिहिलं:

माणसं २. भाऊ – ७ मि. ४० से. (± २० से.) थांबे ४.